ग्रहणाचा आळ

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागांत, गिरणेच्या खोऱ्यालगत, देवळा हें गांव आहे. पूर्वीं तें कळवण तालुक्यांत मोडत असे. १९९९ सालीं देवळा हा स्वतंत्र तालुका झाला. पश्चिमेस सप्तशृंगीचा डोंगर, उत्तरेस बागलाण, पूर्वेस मालेगांव, आणि मध्यें हा कांद्याबाजरीचा मुलूख. या टापूंत, आणि खरें पाहतां महाराष्ट्राच्या बहुतेक गांवांत, गर्भार स्त्रीच्या वांट्यास एखादा दिवस असा येतो कीं त्या दिवशीं तिनें विळीस हात लावावयाचा नाहीं. सुई धरावयाची नाहीं, कात्री उघडावयाची नाहीं, भाजी चिरावयाची नाहीं. वेध लागल्यापासून मोक्ष होईपर्यंत घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत स्वस्थ बसून राहावयाचें. तो दिवस ग्रहणाचा. तिच्या हातून त्या वेळीं जें कापलें जाईल तें पोटांतल्या बाळाच्या ओठावर उमटेल, अशी समजूत आहे.

दैवयोगानें एखाद्या घरीं वरचा ओठ दुभंगलेलें मूल जन्मास आलें, म्हणजे वडील माणसें पंचांग काढीत. मागल्या नऊ महिन्यांत ग्रहण कोणतें झालें, त्या दिवशीं सून काय करीत होती, कोणी तिला चुलीपाशीं पाहिलें कीं काय, याची चौकशी होई. सूर्याचीं व चंद्राचीं मिळून वर्षास निदान चार ग्रहणें होतातच. तेव्हां नऊ महिन्यांत एखादें ग्रहण सांपडणें अवघड नाहीं, आणि दिवसभरांत कांहींच न चिरणारी गृहिणी सांपडणें त्याहून पुष्कळ अवघड आहे. गुन्हा शाबीत होण्यास एवढें पुरे होई. चतुर्थीचा चंद्र पाहिल्यामुळें श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला. तो त्यानें मणि शोधून आणून धुऊन काढला. या बिचाऱ्या आयांनीं कोठला मणि शोधून आणावा?

आश्चर्य असें कीं, ग्रहण म्हणजे काय हें या प्रदेशास फार पूर्वीं ठाऊक होतें. देवळ्याच्या पूर्वेस, खानदेशांत, चाळीसगांवाजवळ पाटण म्हणून स्थान आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापिला व त्यांत आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें अशी व्यवस्था झाली. शके ११२८ च्या सुमाराचा तो शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ इ. स. ११५० चा, आणि त्यांत ग्रहणाचें गणित छायेचें गणित म्हणूनच मांडलेलें आहे. पुढें कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५२० सालीं ‘ग्रहलाघव’ रचलें व पंचांगकर्त्यांचें काम सोपें करून ठेवलें. गमतीची गोष्ट ही कीं, सुनेस दोषी ठरविण्यासाठीं जें पंचांग उघडीत, तें याच गणितावर बसविलेलें असे.

२२ जानेवारी १८९८ चें खग्रास सूर्यग्रहण तर महाराष्ट्रास आडवें ओलांडून गेलें. विजयदुर्गच्या किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर यांनीं तळ दिला होता. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर नायगमवाला आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हे दुर्बिणी रोखून उभे होते. देवळ्यास तें खग्रास नव्हतें. तरी भरदुपारीं सूर्याचा बहुतेक भाग झांकला गेला. एकीकडे सूर्याच्या प्रभेचीं छायाचित्रें निघत होतीं आणि दुसरीकडे त्याच घटकेस हजारों दारें लावून घेतलेलीं होतीं. ग्रहणाचें कारण कळलें म्हणून ओठाचें कारण कळतें असें नाहीं. ती जागा रिकामीच होती, आणि रिकाम्या जागेंत ग्रहण जाऊन बसलें होतें. त्यास उठविण्यासाठीं तेथें बसण्याजोगें दुसरें कारण हातीं असावें लागतें, आणि तें येण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

जुने वैद्य या बाबतींत काय म्हणत? वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानांत दुभंगलेल्या ओठास खंडौष्ठ असें नांव दिलें आहे व वातानें ओठ द्विधा होतो असें सांगितलें आहे. ग्रहणाचें नांव तेथें नाहीं. उपाय तर अगदीं हातचा: दोन्ही कडा खरवडून घ्याव्या, शिवाव्या आणि मग जखमेप्रमाणें उपचार करावा. कडा ताज्या केल्यावांचून मांस सांधत नाहीं, ही शस्त्रवैद्याची खरी नजर. सुश्रुतानें शारीरस्थानांत निराळेंच कारण दिलें आहे. गर्भिणीचे डोहाळे अपुरे राहिले तर मूल कुबडें, लंगडें, खुजें निपजतें, असें तो म्हणतो. शास्त्र म्हणून हें आज टिकणारें नव्हे. परंतु त्यांत दोष कोणाकडे जातो हें पाहण्याजोगें आहे. डोहाळे पुरविणें हें घरच्यांचें काम. तेव्हां सुश्रुताच्या न्यायानें अपराधी ठरतें तें घर. पुढें रूढीनें तो दोष उचलला आणि जिचे डोहाळे पुरवावयाचे तिच्याच पदरीं बांधला.

ही रूढि केवळ आपल्याकडची असेंहि नाहीं. समुद्रापलीकडे मेक्सिकोंतील जुने आझटेक लोक हेंच मानीत. तेथील गर्भार स्त्री ग्रहणसमयीं काळ्या काचेसारख्या दगडाचें पातें जवळ बाळगी, म्हणजे बाळाचा ओठ खंडित होणार नाहीं. चंद्रबिंबाचा तुकडा कोणीं तोडल्यासारखा दिसावा आणि बाळाच्या ओठाचाहि तसाच दिसावा, एवढ्या सारखेपणावर दोन खंडांतील माणसांनीं एकच अनुमान बांधलें.

ओठ शिवण्याची विद्या मात्र कारण कळण्याची वाट पाहत बसली नाहीं. पुणें शहराचें नांव या विद्येच्या इतिहासांत कायमचें कोरलेलें आहे. कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी इंग्रज फौजेंत बैल हांकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईंत तो टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीच्या कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवें नाक बसविलें. मुंबईच्या दोघां इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्यें ती चित्रासह छापली गेली. तें वाचून लंडनच्या कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८१४ मध्यें तोच प्रयोग तिकडे केला. त्या कारागिराचें नांव मात्र कोणीं टिपून ठेवलें नाहीं.

पुढें नागपूरच्या मेडिकल कॉलेजांत डॉ. सी. बालकृष्णन यांनीं प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. दुभंगलेल्या ओठाचे व टाळूचे प्रकार कसे लावावे याची त्यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेली पद्धत नागपूर पद्धत म्हणून ओळखली जाते. अमेरिकेंत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांचें काम याहून लोकांच्या तोंडीं अधिक आहे. १९६८ पासून दरवर्षीं ते भारतांत येत व गांवोगांवच्या शिबिरांत विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. मोटारीच्या अपघातानें शरीर अधू झालें, कर्करोगानें आवाज गेला, तरी क्रम सुटला नाहीं. पद्मश्री मिळाली ती २००१ सालीं, आणि २०११ सालीं ते निवर्तले. त्यांच्या शिबिरांत मुलांस कडेवर घेऊन रांगेंत उभ्या असत त्या बहुधा आयाच. टांके पडले, ओठ सांधला, मूल हसूं लागलें; परंतु घरीं परतलेल्या आईच्या माथ्यावरचा आळ त्या सुईनें निघण्याजोगा नव्हता.

तो आळ ज्या ज्ञानानें निघाला त्याचा आरंभ गर्भाच्या निरीक्षणांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लाइप्झिग येथील विल्हेल्म हिस व त्यांच्यासारखे शरीरशास्त्रज्ञ यांनीं मानवी गर्भाच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून चेहरा कसा घडतो हें पाहिलें. चेहरा एकसंध उगवत नाहीं. कपाळाकडून एक भाग खालीं येतो, दोन्ही गालांकडून एकेक भाग पुढें सरकतो, आणि हे भाग नाकाखालीं भेटून एकजीव होतात. नाकाखालीं वरच्या ओठावर प्रत्येकाच्या जी लहानशी पन्हळ असते, ती या भेटीच्याच जागीं. गर्भ सात आठवड्यांचा होतो न होतो तों हें काम आटोपलेलें असतें. टाळूचीं दोन फळ्यांसारखीं अंगें आधीं जिभेच्या दोन्ही बाजूंस उभीं लोंबत असतात. मग तीं आडवीं होऊन मध्यें मिळतात, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तोंडाचें छत पुरें होतें. तात्पर्य, ज्यास फाटलेला ओठ म्हणतात तो कधीं फाटलेला नसतोच. तो सांधला जावयाचा राहिलेला असतो. पांचव्या किंवा सातव्या महिन्यांतलें ग्रहण त्यास काय कापणार? आणि सातव्या आठवड्यांत तर पुष्कळ स्त्रियांस आपण गर्भवती आहों याची नुकती शंका आलेली असते.

तर मग सांधा राहतो कां? याचें उत्तर तालुक्याच्या कचेरीच्या दृष्टान्तानें सांगतां येईल. कचेरींत सर्व गांवांचें दप्तर असतें. तें बाहेर नेतां येत नाहीं; ज्यास सातबारा पाहिजे त्यास त्याची नक्कल उतरवून देतात, आणि त्या नकलेवर बाहेर काम चालतें. शरीराच्या प्रत्येक पेशींत असेंच संपूर्ण दप्तर आहे. त्यांत सुमारें वीस हजार जनुकें, म्हणजे प्रथिनें बनविण्याचे लेख, आहेत. ओठाच्या पेशींत जें दप्तर तेंच यकृताच्या पेशींत. फरक पडतो तो कोणत्या लेखाची नक्कल केव्हां काढली याचा. हा हुकूम देणारीं कांहीं विशेष प्रथिनें आहेत. तीं दप्तरांतील नेमक्या जागीं जाऊन बसतात आणि नकलनवीसास सांगतात कीं येथून उतरवावयास लाग, अथवा येथें हात लावूं नको. शास्त्रज्ञ त्यांस ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मराठींत प्रतिलेखन घटक म्हणतात. येथें त्यांस कारभारी म्हटलें तरी चालेल. जनुकांवर हुकमत चालविणारी अशी व्यवस्था असते हें पॅरिसच्या जाकोब व मोनो यांनीं १९६१ सालीं जंतूंमध्यें दाखविलें. मनुष्याच्या दप्तरांत असे सुमारें सोळाशें कारभारी आहेत असें आतां मानतात.

दप्तराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. साध्या लेखाची एक प्रत बिघडली तर पुष्कळदां दुसरीवर निभावतें. कारभाऱ्याचें तसें नेहमींच होत नाहीं. त्याची मात्रा निम्मी झाली कीं वेळेवर निघावयाचे हुकूम निघत नाहींत किंवा अपुरे निघतात, आणि गर्भांत वेळ टळली कीं ती पुन्हां येत नाहीं. १९९१ सालीं डोळ्यांतील रंगीत पडदाच न बनण्याचा विकार पॅक्स-६ नांवाच्या कारभाऱ्यापर्यंत पोंचविला गेला. हातापायांस अधिक बोटें येण्याच्या एका विकाराचें मूळहि त्याच वर्षीं दुसऱ्या एका कारभाऱ्यांत सांपडलें. पुढल्याच वर्षीं, जन्मतः बहिरेपण, कपाळावर पांढरी बट आणि निळे डोळे असे एकत्र येणाऱ्या वार्डेनबर्ग विकाराचें कारण पॅक्स-३ ठरलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत शुभा टोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं उंदरांवर दाखविलें कीं, एल. एच. एक्स. २ हा कारभारी मेंदूच्या भावी पृष्ठभागाच्या पेशींतून काढला, तर त्या आपला मार्ग सोडून भलताच मार्ग धरतात. त्याच जनुकाची एक प्रत निकामी झाल्यानें मुलांच्या मेंदूच्या वाढींत दोष येतो, हें वृत्त २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. मुंबईंत उंदरावर पाहिलेलें नियमन मनुष्याच्या विकाराशीं असें येऊन भिडतें.

आतां ओठाकडे वळावयाचें. १९५४ सालीं अमेरिकेंतील डॉ. ॲन व्हॅन डर वूड यांनीं कांहीं घराण्यांची नोंद केली. त्या घराण्यांत दुभंगलेला ओठ किंवा टाळू पिढ्यान्पिढ्या येत होती, आणि त्याबरोबर खालच्या ओठावर दोन बारीक खळगे दिसत होते. कोणास दोन्ही दोष, कोणास नुसते खळगे. बिघडलेल्या जनुकाची जागा पहिल्या गुणसूत्राच्या एका भागांत आहे हें १९९० पर्यंत ठरलें. पण त्या भागांत जनुकें पुष्कळ, आणि अपराधी कोणतें हें एका तपापर्यंत कळेना.

तें कळलें तें जुळ्यांमुळें. शिन्जी कोंडो, ब्रायन शुट व जेफ्री मरे यांच्या मंडळीस एक जुळें आढळलें. एकाच गर्भाचे दोन झालेले, हुबेहूब सारखे. परंतु एकास हा विकार होता आणि दुसऱ्यास नव्हता. दोघांचें दप्तर ओळीनें ताडून पाहतां आय. आर. एफ. ६ या कारभाऱ्याच्या लेखांत एक चूक निघाली. ती विकार असलेल्या भावंडांत होती, दुसऱ्यांत नव्हती. गर्भाचे दोन होण्याच्या सुमारास कोठेंतरी नक्कल करतांना ती झाली असावी. मग इतर घराणीं तपासलीं, तों त्याच जनुकांत निरनिराळ्या चुका मिळाल्या. हें २००२ सालीं प्रसिद्ध झालें.

देवळ्याच्या कोणा आजीबाईनें या जुळ्याचा विचार करून पाहावा. आई एक, कूस एक, दिवस तेच. त्या नऊ महिन्यांत जीं ग्रहणें झालीं असतील तीं दोघांवरून सारखींच गेलीं. आईनें विळी हातीं घेतली असेल तर ती दोघांच्या आईनें घेतली. तरी एकाचा ओठ सांधला आणि एकाचा राहिला. शोधावयाचा मणि तो हाच. तो एका अक्षराच्या चुकींत दडला होता.

आय. आर. एफ. ६ चें काम काय, हेंहि पुढें उंदरांवर कळलें. गर्भाच्या तोंडांतील सर्वांत वरचा पेशींचा पातळ थर त्याच्या हुकमतींत असतो. तो थर नीट तयार झाला तर जेथें चिकटावयाचें नाहीं तेथें पेशी चिकटत नाहींत, आणि जेथें भेट व्हावयाची तेथेंच भेट होते. तो बिघडला कीं टाळूचीं अंगें एकमेकांस मिळण्याऐवजीं शेजारच्या भागास चिकटून बसतात. या कारभाऱ्यावरहि वरिष्ठ आहेत. २००८ सालीं असें दिसलें कीं, आय. आर. एफ. ६ च्या लेखाजवळ ए. पी. २ नांवाच्या दुसऱ्या कारभाऱ्याची बसण्याची जागा आहे. त्या जागेंत पुष्कळ लोकांमध्यें एक अक्षर वेगळें असतें, आणि तेवढ्यानें ओठ दुभंगण्याचा संभव वाढतो. लेख शुद्ध, कारभारी शुद्ध, फक्त बसण्याची जागा डळमळीत.

ज्यांना हा आळ आजवर ऐकावा लागला त्यांच्या दृष्टीनें याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. व्हॅन डर वूड यांच्या विकारांतील चुकीची प्रत आईकडून जितकी येते तितकीच बापाकडून येते, आणि ज्याच्याजवळ ती आहे त्याच्या प्रत्येक मुलास ती मिळण्याचा संभव निम्मा असतो. एखाद्या बापाच्या खालच्या ओठावर दोन लहान खळगे असावे, ते कोणाच्या ध्यानींहि येऊं नयेत, आणि मूल जन्मल्यावर चौकशी मात्र त्याच्या बायकोच्या विळीची व्हावी, असें किती घरांत झालें असेल याची गणती कोण करणार? पंचांगाआधीं एकदां आरसा पाहिला असता तर बरें झालें असतें.

अर्थात् प्रत्येक दुभंगलेल्या ओठामागें एकच जनुक असतें असें समजूं नये. सुमारें सातशें जन्मांत एका मुलास ओठाचा वा टाळूचा हा दोष असतो. त्यांत व्हॅन डर वूड यांचा विकार शेंकडा दोनच्या आसपास. इतरांत अनेक जनुकांचा थोडथोडा हात असतो, त्यांत कारभारी जनुकें पुष्कळ, आणि बाहेरच्या कांहीं गोष्टींचाहि हात असतो. गर्भारपणीं धूम्रपान आणि अपस्मारावरील कांहीं औषधें हीं त्यांत गणलीं जातात. आईच्या दिनक्रमाचा काडीइतकाहि संबंध नाहीं, असें म्हणणें दुसऱ्या टोकास जाणें होईल. परंतु हीं कारणें तपासून पाहतां येतात व टाळतां येतात. अपस्माराचें औषध मात्र मनानें बंद करावयाचें नसतें, डॉक्टरांस विचारून बदलावयाचें असतें.

असें मूल घरांत आलें म्हणजे पहिली निकड पंचांगाची नसून दुधाची असते. टाळू उघडी असली कीं तान्ह्यास अंगावरचें दूध ओढतां येत नाहीं. त्यास उभें धरून वाटीचमच्यानें किंवा बोंडल्यानें पाजावें लागतें, नाहींतर तें उपासमारीनें खंगतें. ओठ साधारणपणें तिसऱ्या महिन्यानंतर शिवतात, टाळू वर्ष दीड वर्षाच्या आंत. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अंगणवाड्यांत व शाळांत मुलें तपासणाऱ्या त्याच्या पथकांच्या यादींत दुभंगलेला ओठ व टाळू यांचें नांव आहे, आणि पुढील उपचार सरकारी खर्चानें होण्याची तरतूद आहे. नाशिकास जाण्याचें गाडीभाडें जवळ नाहीं म्हणून पूर्वीं जी आई घरींच बसे, तिच्यापर्यंत तपासणारा माणूस आतां चालत येतो.

२ ऑगस्ट २०२७ रोजीं सूर्यग्रहण आहे. आफ्रिकेच्या उत्तर भागांत तें खग्रास दिसेल. देवळ्यास दुपार कलल्यावर सूर्याचा कांहीं भाग झांकलेला दिसेल. त्या दिवशीं तेथें कोणी सहा महिन्यांची गर्भवती असेल, तर तिच्या बाळाचा ओठ चार महिन्यांपूर्वींच सांधलेला असेल, अथवा सांधावयाचा राहिलेला असेल. संध्याकाळच्या भाजीसाठीं तिनें लोहोणेरच्या बाजारांतून आणलेलीं वांगीं चिरलीं काय आणि न चिरलीं काय.